बागेतली स्कूटर आणि आजींचं मनगट : एका प्रकरणाची हकीकत

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूडला माझं छोटं क्लिनिक आहे. मनगट मोडून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या असतात आणि त्यांची कारणंही ठरलेली असतात. बाथरूममध्ये पाय घसरला, जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, पाटावरून उठताना तोल गेला. २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या ७१ वर्षांच्या एका आजींनी मात्र सांगितलं, "स्कूटरनं उडवलं." मी केसपेपरवर 'रस्त्यावरचा अपघात' असं लिहायला घेतलं, तर त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. "तसली स्कूटर नव्हे गं. पोरांची. एका पायानं ढकलतात ती."

पुढचे तीन महिने त्या आठवड्यातून दोनदा येत होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना आणून सोडायला एक तरुण बाई यायला लागली. ती त्या स्कूटरवाल्या मुलाची आई. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन्ही बाजू मला सावकाश, तुकड्यातुकड्यांनी ऐकायला मिळाल्या. दोघींना विचारूनच लिहिते आहे. नावं आणि बागेचं नाव गाळलं आहे.

लिहायचं कारण सांगते. माझ्या मुलीकडेही तशी स्कूटर होती. मी तिला जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर रविवारी संध्याकाळी ती चालवू दिली आहे. तिच्या मागून धावताना "सांभाळून गं" असं ओरडले आहे, आणि एवढ्यानं माझं काम झालं असं समजले आहे. कुणी पडलं नाही म्हणून ते दिवस आमच्या आठवणीत छान राहिले. या प्रकरणानंतर मला ते तसे आठवत नाहीत.

ती संध्याकाळ

संक्रांतीनंतरचा रविवार, १९ जानेवारी. पुण्यात त्या दिवसांत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. घटना घडली पावणेसातला, म्हणजे धड उजेड नाही आणि बागेतले दिवेही नुकतेच लागलेले. बाग महापालिकेची. कडेनं चालायचा ट्रॅक, पेव्हर ब्लॉकचा. रुंदी म्हणाल तर तीन माणसं शेजारी शेजारी चालली की चौथ्याला गवतात उतरावं लागतं. रविवार असल्यामुळे चालणारे, बाबागाड्या, भेळ खाणारी कुटुंबं, सगळेच तिथे.

मुलगा साडेसहा वर्षांचा. स्कूटर दोन चाकांची, मामानं वाढदिवसाला दिलेली, चाकं फिरली की त्यातले दिवे लुकलुकणारी. एरवी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या बाजूला चालवायचा. त्या दिवशी इमारतीत दोन घरी हळदीकुंकू होतं आणि पाहुण्यांच्या गाड्यांनी पार्किंग गच्च भरलं होतं. मुलगा दुपारपासून मागे लागला होता. नवरा कामासाठी गावाबाहेर. दहा महिन्यांची मुलगी कडेवर, पिशवीत नाचणीच्या सत्त्वाचा डबा, आणि दुसऱ्या हातात ती स्कूटर, अशी ही बाई बागेत आली. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. बेफिकीर पालक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोबाइलमध्ये डोकं घातलेलं कुणीतरी येतं. ही बाई तशी नव्हती. ती धाकटीला भरवत होती.

बाकावर बसताना तिनं मुलाला सांगितलं, "लांब जाऊ नकोस हं."

या एका वाक्यावर मी खूप विचार केला आहे. आपण सगळेच हे सांगतो. आणि मुलानं ते अक्षरशः पाळलं. तो लांब गेला नाही. आईच्या बाकाच्या आसपास, तीस-चाळीस पावलांच्या पट्ट्यात, मागेपुढे मागेपुढे करत राहिला. आता तो बाक होता बागेच्या दारापासून जवळ, जिथे आत येणारे आणि बाहेर पडणारे एकमेकांना अडतात, म्हणजे सगळ्यात गर्दीची जागा. बागेच्या मागच्या बाजूला, बुचाच्या झाडांखाली, ट्रॅक जवळजवळ रिकामा होता. मुलगा हरवू नये म्हणून दिलेली सूचना त्याला नेमकी गर्दीत बांधून ठेवत होती. वेगाबद्दल, माणसांबद्दल तिनं काही सांगितलं नव्हतं. आपणही सांगत नाही. आपल्या मनात धोका एकच असतो, मूल नजरेआड होण्याचा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळू झाल्या. मग दुसरा एक मुलगा भेटला, त्याच्याकडे तीनचाकी स्कूटर होती, आणि शर्यत लागली.

आजी त्यांच्या मैत्रिणीबरोबर चालत होत्या. डाव्या कानात श्रवणयंत्र. एकाच कानाला यंत्र असलं की आवाज ऐकू येतो, पण तो कुठल्या बाजूनं येतो हे चटकन कळत नाही. मागून घंटी वाजली. मुलानं घंटी वाजवली होती, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मैत्रीण म्हणाली, "बाजूला हो गं." आजी डावीकडे सरकल्या. मुलानंही जायला डावीच बाजू धरली होती. पुढचं चाक टाचेला लागलं, दांडा मांडीला. आजींनी पडताना उजवा हात पुढे टेकला.

मुलगाही पडला. गुडघे सोलवटले.

आई धाकटीला घेऊन धावत आली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "अहो, लहान आहे तो. मुद्दाम नाही केलं त्यानं."

मग जे व्हायचं ते झालं. बघे जमले. एका गृहस्थांनी स्कूटर उचलून कुंपणाच्या झुडपात फेकली. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा. कुणी मुलाला दंडाला धरून "दिसत नाही का रे तुला?" असं विचारलं. आजी जमिनीवरच बसून होत्या, डाव्या हातात उजवं मनगट धरून. धाकटी रडायला लागली. दहा मिनिटांत ती बाई दोन्ही मुलांना घेऊन निघून गेली. फोन नंबर दिला नाही, घेतला नाही. मुलाची चड्डी ओली झाली होती, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

मैत्रिणीनं आजींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मनगट

एक्स-रेत कोलीज फ्रॅक्चर निघालं. हात टेकून पडल्यावर मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं टोक मोडतं आणि मागे सरकतं. बाजूनं पाहिलं तर हात जेवणाच्या काट्यासारखा वाकलेला दिसतो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होत जातात, म्हणून साठी ते पंच्याहत्तरीत हे फार दिसतं. त्या वयात पडताना हात पुढे करण्याइतकी चपळाई अजून शिल्लक असते, पण हाडात जोर नसतो. आणखी वय झालं की हातही पुढे येत नाही आणि खुबा मोडतो. आजींच्या सर्जननी भूल देऊन हाड जागेवर बसवलं आणि सहा आठवडे प्लॅस्टर घातलं. त्यांनी हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायलाही सांगितलं. असा फ्रॅक्चर ही पुढच्या मोठ्या फ्रॅक्चरची सूचना असू शकते.

प्लॅस्टर निघालं की हात बरा झाला, असं घरच्यांना वाटतं. माझं काम तिथून सुरू होतं. पहिल्या दिवशी आजींचा पंजा सुजलेला होता, कातडी कोरडी, बोटं अर्धीच वळत होती. तळहात आकाशाकडे करा म्हटलं तर त्या कोपरापासून सगळं अंगच वळवायच्या. पकड मोजायच्या यंत्रावर डावा हात १६ किलो, उजवा ४.

त्यांना विचारलं, कुठल्या कामासाठी हात हवाय? मी हे सगळ्यांना विचारते, कारण व्यायाम त्यावर ठरतो. बहुतेक जणी कणीक, पोळ्या सांगतात. आजी म्हणाल्या, "दोन कामं. ह्यांचं इंजेक्शन आणि वाती."

आजोबांना मधुमेह आहे आणि नजर फार कमी झाली आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन आजीच देत आल्या होत्या. ते सहा आठवडे शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ येऊन देऊन गेल्या. त्यांच्या गावी लग्न निघालं तेव्हा चार दिवस नर्सला बोलवावं लागलं. एका मोडलेल्या मनगटामागे अशी दुसऱ्या माणसाची सगळी घडी विस्कटते, आणि बागेत जमलेल्या बघ्यांना त्यातलं काही दिसत नाही. त्या आईलाही दिसलं नव्हतं.

वातींचं वेगळं होतं. त्या देवळासाठी फुलवाती करून देत. फुलवात वळताना काय होतं ते नीट पाहा. कापसाचा पुंजका डाव्या तळव्यावर, मधला भाग चिमटीत धरून वर ओढायचा आणि अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी पीळ द्यायचा, दुधाचं बोट लावून. जोर जवळजवळ लागत नाही, पण अंगठ्याची हालचाल इतकी बारीक लागते की माझ्याकडच्या कुठल्याही यंत्रापेक्षा ती चांगली परीक्षा आहे. पाचव्या आठवड्यात मी त्यांना क्लिनिकमध्येच कापूस दिला. पहिली वात सुटून विस्कटली. दुसरीही. तिसरी टेबलावर उभी राहिली आणि कलंडली.

शरीराचं मी करू शकत होते. पण त्या बागेत जात नव्हत्या, आणि माझ्या लेखी या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच होती. म्हातारं माणूस एकदा पडलं की पुन्हा पडायच्या भीतीनं घरात बसतं. घरात बसलं की पायातला जोर जातो, तोल बिघडतो, आणि मग ते घरातच पडतं. माझ्या कामात हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की "आता बाहेर जात नाही मी" हे वाक्य ऐकलं की मला एक्स-रेपेक्षा जास्त काळजी वाटते.

एवढीशी स्कूटर

"एवढ्याशा स्कूटरनं माणूस पडतं का?" असं त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं. उद्धटपणानं नव्हे, त्यांना खरोखर कळत नव्हतं.

आपण चालतो तेव्हा बराचसा वेळ एकाच पायावर असतो. त्या क्षणी टाचेला छोटासा धक्काही पुरतो. तरुण माणूस दुसरा पाय झटकन टाकून सावरतो. सत्तरीतल्या माणसाचा तो पाय उशिरा पडतो. तेव्हा धक्का किती जोराचा होता यापेक्षा तो अचानक आणि मागून आला, याला जास्त महत्त्व आहे. तरी हिशेबच करायचा तर वीस किलोचं मूल, तीन किलोची स्कूटर. जोरात पाय मारला तर ताशी दहा किलोमीटरपर्यंत वेग सहज जातो. तो सेकंदाला पावणेतीन मीटर होतो. समोर माणूस दिसलं, मेंदूनं ठरवलं आणि पाय हलला, यात एक सेकंद गेला तरी स्कूटर पावणेतीन मीटर पुढे. आजी तर पुढ्यात दोन मीटरवर आडव्या आल्या होत्या.

आणि ब्रेक कुठे असतो? मागच्या चाकावरचा पत्रा पायानं दाबायचा असतो. त्यासाठी मुलाला एका पायावर तोल सांभाळत, वजन मागे घेत, दुसऱ्या पायाची टाच नेमकी त्या चार बोटं रुंदीच्या पत्र्यावर ठेवावी लागते. शांतपणे खेळताना मुलं ते छान करतात. घाबरलेलं मूल ते करत नाही. ते दांडा घट्ट धरतं किंवा उडी मारतं, आणि स्कूटर तशीच पुढे जाते. चाकं लहान आणि टणक असल्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकून मूल स्वतःच दांड्यावरून पुढे पडतं, ते निराळं. म्हणून हेल्मेट हवंच.

त्यात या वयाची नजर. समोरून किंवा बाजूनं हलणाऱ्या माणसाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज मुलांना नऊ-दहा वर्षांपर्यंत नीट येत नाही. शर्यतीत असलेल्या मुलाला पुढचा भिडू दिसतो, मधली माणसं दिसत नाहीत. "दिसत नाही का रे तुला?" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असंच होतं.

घंटीचंही तसंच. मुलाला शिकवलेलं असतं, घंटी वाजवली की लोक बाजूला होतात. म्हणजे घंटी वाजवली की आपलं काम झालं, आता हटायचं काम दुसऱ्याचं. ही समजूत मुलाची स्वतःची नाही. आपल्या रस्त्यांवर हॉर्न असाच वाजतो आणि मूल मागच्या सीटवर बसून ते रोज बघतं.

आईची बाजू

ती पहिल्यांदा क्लिनिकमध्ये आली तेव्हा बाहेरच बसून राहिली. दोन-तीन खेपांनंतर एकदा आजी आत मशीनवर होत्या, तेव्हा तिनं मला विचारलं, "ताई, किती दिवस लागतील अजून?" मग आपणहून बोलायला लागली.

'लहान आहे तो' हे वाक्य तिला अजून टोचतं. ती म्हणाली की ते मी त्यांना नव्हते म्हणत, लोकांना म्हणत होते, ते त्याला मारतील असं मला वाटलं. मला हे पटतं. पण आजींनी मला आधीच सांगितलं होतं, "हात दुखला त्याचं काही नाही. मी खाली पडलेली आणि ती त्याच्याकडे बघून बोलत होती. मला एकदा विचारलं नाही, लागलं का म्हणून." दोघीही खरं बोलत होत्या. एवढ्या गलबल्यात आईचं लक्ष आपल्या मुलाकडे जाणारच. पण लागलं कुणाला आहे हे बघायला दोन क्षणही पुरतात. आणि त्यात मुलाचा बचावही आपोआप होतो, हे तिला तेव्हा सुचलं नाही. "काकू, कुठे लागलं? रिक्षा आणते" एवढं जरी ती बोलली असती तरी ते स्कूटर फेकणारे गृहस्थ गप्प बसले असते.

ती निघून का गेली? भीतीनं. माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली, मग पोलिस, मग पैसे, असं तिच्या डोक्यात आलं. कायद्याचं म्हणाल तर सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम २० मध्ये तसं स्पष्ट आहे. जुन्या दंडविधानात हेच कलम ८२ होतं. म्हणजे मुलावर गुन्हा दाखल होण्याचा प्रश्नच नव्हता. पण कायदा माहीत असता तरी तिनं थांबायला हवं होतं, हे तिचंच म्हणणं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, जी मला महत्त्वाची वाटते. बागेच्या दारावर नियमांचा फलक आहे. त्यात सायकल आणायला मनाई आहे. स्कूटरचा उल्लेख नाही. "सायकल म्हणजे वाहन, स्कूटर म्हणजे खेळणं, असंच डोक्यात होतं," ती म्हणाली. दुकानात ती खेळण्यांच्या कप्प्यातच मिळते. बाहुलीच्या शेजारी ठेवलेल्या वस्तूला थांबण्याचं अंतर असतं, असा विचार विकत घेणाऱ्या मामाच्याही मनात येत नाही. मोटारवाली स्कूटर म्हटली की आपण लगेच वय विचारतो, लायसन्स विचारतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, ही तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आली. खेळण्याच्या बाबतीत विचारणारं कुणी नाही. तिथे पालकच आरटीओ आणि पालकच ट्रॅफिक पोलिस.

भेट

दोन घरांची गाठ पडली ती हळदीकुंकवामुळेच. आजींची मैत्रीण आणि त्या मुलाची आजी एकाच घरी वाण घ्यायला गेल्या होत्या. गप्पांत बागेतला प्रसंग निघाला आणि मुलाच्या आजीच्या लक्षात आलं की हे आपल्याच घरचं आहे. त्यांनी घरी येऊन सुनेला बोल लावला नाही. मुलाचे वडील परत आल्यावर दोघांना सांगितलं, "जाऊन या. आजच."

गेले. फळं आणि एक पाकीट घेऊन. आजींनी पाकीट उघडून पाहिलं, दवाखान्याचं बिल मागवलं, तेवढे पैसे मोजून घेतले आणि उरलेले परत दिले. मला हे फार योग्य वाटतं. काहीच घेतलं नसतं तर त्या दोघांना कायम मिंधं वाटलं असतं, आणि सगळं घेतलं असतं तर हिशेब मिटला असं त्यांना वाटलं असतं. मग म्हणाल्या, "त्याला नाही आणलंत?"

पुढच्या खेपेला मुलगा आला. प्लॅस्टर तेव्हा अजून हातावर होतं. तो दाराशीच उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "दुखतं का?"

अशा वेळी आपण सगळे म्हणतो, "नाही रे राजा, काही नाही झालं." आजी म्हणाल्या, "हो. रात्री जास्त दुखतं."

मुलाच्या आईला ते क्षणभर लागलं. नंतर तिलाच वाटलं की घरी महिनाभर दिलेल्या दमदाटीनं जे झालं नसतं ते या उत्तरानं झालं. बागेतल्या मारझोडीच्या भीतीत मुलाला एवढंच कळलं होतं की लोक आपल्यावर चिडतात. आपल्यामुळे कुणाला तरी रात्री दुखतं, ही गोष्ट त्याला पहिल्यांदा कळली. त्यानं स्कूटर आठवडाभर हातात धरली नाही. कुणी काढून घेतली नव्हती.

आठवडाभरानं ती पुन्हा निघाली, आणि तेही बरोबरच झालं. स्कूटर माळ्यावर टाकून देणं हा सोपा उपाय होता, आणि मी त्याच्या विरोधात होते. पाय मारणं, तोल सांभाळणं, वळणं, पडून उठणं, हे सगळं मुलाच्या शरीराला हवं आहे. फिजिओ म्हणून मी तेच सांगेन. प्रश्न जागेचा आणि वेळेचा होता.

त्या घरानं जे बदललं ते असं. बागेत जायचं तर साडेचारला, दार उघडल्या उघडल्या, तेव्हा ट्रॅकवर कुत्रंही नसतं. साडेपाचनंतर चाकं बंद. माणूस जवळ दिसलं की उतरायचं आणि स्कूटर हातात धरून चालायचं, घंटी वाजवत पुढे घुसायचं नाही. धाकटी बरोबर असेल आणि दुसरं मोठं माणूस नसेल तर स्कूटर घरीच. हा शेवटचा नियम आईनं स्वतःसाठी केला आहे, आणि तोच पाळायला सगळ्यात अवघड जातो असं ती सांगते. कारण मूल रडतं आणि ती एकटी असते. 'लांब जाऊ नकोस'च्या जागी आता ती म्हणते, "कुणाच्या पाठीमागून जोरात जायचं नाही." आणि पार्किंगमध्ये त्या दोघांचा एक खेळ चालतो. ती मधेच "थांब" म्हणते आणि तो ब्रेक दाबून किती फरश्यांत थांबतो ते दोघं मोजतात. सुरुवातीला सात फरश्या लागायच्या.

बागेतली बैठक

एप्रिलमध्ये बागेतल्या ज्येष्ठांच्या मंडळानं एका सकाळी, हास्यक्लब संपल्यावर, खुल्या रंगमंचाच्या पायऱ्यांवर बैठक घेतली. मला हाडांबद्दल बोलायला बोलावलं होतं. पण विषय लगेच स्कूटरवर आला. बहुतेकांचं म्हणणं सरळ होतं, फलकावर सायकलच्या पुढे स्कूटर आणि स्केट लिहून टाका, बंदी. त्यांचा राग मला समजत होता. एक आजोबा म्हणाले, "मी काठी घेऊन चालतो, ती आधारासाठी घेत होतो. आता मागून येणाऱ्यांना अडवायला धरतो."

मग एक तरुण बाप उठला आणि त्यानं विचारलं, "मग आम्ही न्यायची कुठे पोरं?" त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. सोसायटीत गाड्या, फुटपाथवर गाड्या, मैदान असेल तिथे क्रिकेटच्या क्लासची जाळी. वर्षातून एकदा, ११ डिसेंबरला, महापालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते, तेव्हा मुलं भर रस्त्यात कशी मोकळी सुटतात ते मी पाहिलं आहे. मुंबईत मार्च २०२२मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना दिले, तेव्हा मरीन ड्राइव्हवर हेच दिसलं. शहरानं मुलांना जागा दिली नाही म्हणून मुलं म्हाताऱ्यांच्या वाटेत येतात. या भांडणात दोन्हीकडे अशीच माणसं आहेत ज्यांना गाडीवाल्यांनी आधीच कडेला ढकललेलं आहे. हे मी तिथे बोलले. पण तेवढ्यानं त्या ट्रॅकवरच्या आजोबांची काठी सुटणार नव्हती. जागा कमी आहे म्हणून पालकांची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगावं लागलं.

शेवटी ठरलं ते असं की रंगमंचासमोरचा सिमेंटचा चौक साडेचार ते साडेपाच चाकांसाठी मोकळा ठेवायचा, ट्रॅकवर चाकं कधीच नाहीत. बागेच्या कार्यालयाला अर्ज दिला. रखवालदारानं तोंडी होकार भरला.

किती पाळलं जातं? निम्मं. साडेपाचनंतरही मुलं असतात. रखवालदार बोलला तर काही पालक त्याच्यावरच आवाज चढवतात. पण चौक मोकळा असल्यामुळे ट्रॅकवरच्या स्कूटर नक्की कमी झाल्या आहेत, आणि आता कुणी सांगायला गेलं तर "तिकडे जागा आहे की" असं दाखवता येतं. नुसती मनाई सांगण्यापेक्षा हे सोपं जातं. ती आई स्वतः दुसऱ्या पालकांशी जाऊन बोलते. आधी आपलं सांगते, मग त्यांना विनंती करते. बहुतेक जण ऐकतात. एकीनं तिला "तुमच्या मुलानं पाडलं म्हणून आमचाही पाडेल का?" असं ऐकवलं, त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन रडली.

मेअखेर

बाराव्या आठवड्याला उजव्या हाताची पकड १२ किलो झाली. मनगट पूर्वीइतकं मागे वाकत नाही आणि बहुधा वाकणारही नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन आजी पुन्हा स्वतः देतात, आधी दोन दिवस शेजारच्या काकूंना समोर उभं करून दिलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला कागदात बांधून फुलवाती आणल्या. मोजल्या तर एकवीस. त्यातल्या पाच-सहांचा पीळ सैल होता.

बागेत त्या एप्रिलपासून जायला लागल्या. पहिले काही दिवस मीच बरोबर गेले. आता त्या सकाळी जातात, संध्याकाळी नाही. कुंपणाच्या कडेनं चालतात, मैत्रीण बाहेरच्या बाजूनं. मागून चाकांचा आवाज आला, मग ती बाबागाडी का असेना, की त्या कुंपणाला पाठ लावून उभ्या राहतात, उजवं मनगट पोटाशी धरतात, आणि आवाज पुढे निघून गेल्यावर पुन्हा चालायला लागतात.